अर्धा शेर सोमल

कापसाचा भाव चढला त्या वर्षांत आमच्या दुकानातून सगळ्यात जास्त काय खपलं असेल, तर जखमेवरचं औषध. राळ, मेण, तुरटी, हळद. अकोल्याच्या कापूसबाजारात रोज कुणाचं ना कुणाचं डोकं फुटायचं. कधी तराजूची दांडी मारली म्हणून, कधी बोज्यात ओला कापूस निघाला म्हणून, तर कधी नुसतं बंडी, म्हणजे बैलगाडी, पुढं कुणाची लावायची एवढ्यावरून. सकाळी कमरेच्या पिशवीत रुपये खुळखुळवत बाजारात गेलेला माणूस दुपारी कान लोंबता धरून आमच्या ओट्यावर यायचा. मी जखम धुवायची, राळेचं मलम भरायची, आणि तो शिव्या देत पैसे मोजायचा. एकदा तर ज्यानं मारलं आणि ज्यानं मार खाल्ला ते दोघंही एकाच वेळी ओट्यावर आले, आणि माझ्यासमोर पुन्हा जुंपले.

दुकान माझ्या बापाचं होतं. त्याला मुलगा नव्हता, मी एकटीच. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून त्यानं मला अक्षरं शिकवली, आणि दुकान परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून हिवरखेडकडच्या एका शेतकऱ्याचा धाकटा मुलगा घरजावई करून आणला. बाप गेल्यावर गादीवर मी बसायची. नवरा माल आणायचा, पोती उचलायचा, मागच्या खोलीत खलात कुटायचा. बाजारातले लोक त्याला तोंडावर हसायचे, बायकोच्या दुकानात राबतो म्हणून. तो पोतं उचलून पुढं जायचा. अंगानं दांडगा आणि स्वभावानं मऊ असा माणूस होता.

लोकांना वाटायचं, गावात चांदीचा पूर आलाय, तर औषधवाल्यांचीही चंगळ असेल. तसं नव्हतं. पूर्वी गिऱ्हाईक ओवा-सुंठीला पसाभर ज्वारी देऊन जायचं, त्यात आमचं पोट भरायचं. आता ते रोख पैसे द्यायचं, पण त्या पैशात ज्वारी मिळेना, कारण जिकडंतिकडं कापूसच पेरलेला. सेमाडोहच्या बाजूचे रानातले लोक हिरडा, मुसळी, मध घेऊन यायचे. ते सगळे आगगाडीच्या रुळांखाली घालायला सागवान तोडायच्या कामाला लागले. रोजची मजुरी सोडून हिरडा वेचत कोण बसतो? हिरडा महाग झाला, तरी गिऱ्हाईक जुन्याच भावानं मागायचं, आणि खोकल्यानं काळंनिळं झालेलं पोर कडेवर घेऊन आलेल्या बाईशी मी काय घासाघीस करणार? हिंग, लवंग, केशर मुंबईहून यायचं, तेही मोठ्या किराणावाल्यांनी उचलायला सुरुवात केली. औषधाच्या दुकानात खरा नफा दोनच गोष्टींत उरला होता, अफू आणि सोमल. सोमल म्हणजे पांढरं, खडूसारखं दिसणारं जहर. उंदरांना घालायला लोक नेत, आणि वैद्य-हकीम अगदी कणाकणानं औषधात वापरत. बापाचा नियम होता, गुंजेच्या वर सोमल द्यायचा नाही, आणि माणसाचं घर माहीत नसेल तर तेवढाही द्यायचा नाही.

आमची दुकानांची ओळ त्या वर्षी एका कापसाच्या अडत्यानं विकत घेतली. त्याला ती जागा कापूस भरायला हवी होती. त्यानं भाडं तिप्पट केलं. दोन दुकानं रिकामी झाली, तिसऱ्यावरचा शिंपी भांडला, तर त्याला अडत्याच्या हमालांनी त्याच्याच कात्रीनं भोसकलं. शिंपी वाचला. त्याची मांडी मीच बांधली. पुढचा नंबर माझा आहे हे मला कुणी सांगायला नको होतं.

नवरा माल आणायला अमरावतीला गेला होता, तेव्हा अडत्याचा मुनीम दुकानावर आला. किडकिडीत, पान खाणारा, बोलायला गोड.

"बाई, सोमल पायजे. कोठारात उंदीर लय झाले. बोजे कुरतडून राहिले."

"किती देऊ? दोन गुंजा बस होतील."

"अर्धा शेर द्या."

मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिले. "अर्ध्या शेरात तर सारं अकोलं मरन," मी म्हटलं.

तो हसला. "आमचे उंदीरच तेवढे हायेत. आन सेठनं सांगतलं, बाईले म्हना, यंदा भाडं जुन्याच दरानं राहू द्या. त्याईचा बाप भला मानूस होता."

मी बरणी काढली. बरणीत होता तेवढा सगळा सोमल तराजूत घातला, तो अर्ध्या शेराला थोडा कमीच भरला. पुडी घट्ट बांधून दिली. मला आनंदच झाला होता. संध्याकाळी मी गोड केलं. दुसऱ्या दिवशी नवरा परत आला, त्याला मी भाड्याचं सांगितलं, सोमलाचं सांगितलं नाही.

आता बंडीवाल्यांचं सांगते. आगगाडी अकोल्यापर्यंत आली त्याच हंगामातली ही गोष्ट. तोवर इथला कापूस बंड्यांवर लादून खानदेशापर्यंत न्यावा लागे, आणि शेकडो बंडीवाले त्या लांबच्या वाटेवर जगत. गाडी आली आणि ती वाट बंद झाली. राहिला तो अमरावतीकडून अकोल्याच्या ठेसनापर्यंतचा कापूस. बंडीवाल्यांनी मोर्णा नदीच्या काठी आपल्या मुक्कामावर एकी केली, की ठरल्या भाड्याच्या खाली कुणी बोजा उचलायचा नाही. कापूस तर उघड्यावर पडलेला आणि मुंबईचा भाव आज आहे तो उद्या नाही. अडते चरफडत होते.

त्या एकीचा म्होरक्या एक म्हातारा बंडीवाला होता. माझ्या बापाचा माल त्यानं वीस वर्षं बऱ्हाणपुराहून आणला होता. आवाज असा की पलीकडच्या काठावर ऐकू जावा, आणि तोंडात शिवी आल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे. मला तो पोरीच म्हणायचा.

मुनीम येऊन गेला त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी तो म्हातारा दुकानावर आला. पटक्याच्या टोकात बैलांना चारायची मूठभर सरकी बांधून आणलेली. ती त्यानं माझ्यापुढं ओतली.

"पोरी, हे पाह्य बरं. तुह्या बापाले दाखवलं असतं, पन थो राह्यला नाही. कालपासून पाच बैल मेले. माहा बी एक गेला. लोक म्हनते बुळकांडीची साथ हाये. पन बुळकांडीत तोंड येते, फोड येते. यायच्या तोंडात काईच नाही. नुसते कण्हते, पानी पेते, रगत हगते आन पडते."

मी सरकी घेऊन मागच्या खोलीत गेले. नवरा तेव्हा घरी नव्हता, लाकडं आणायला गेला होता. मी चिमटीभर सरकी निखाऱ्यावर टाकली. पांढरा धूर निघाला, आणि लसणाचा वास आला. सोमल जळला की तोच वास येतो, बापानं मला लहानपणी दाखवलं होतं. कोणते उंदीर, कुणाचं कोठार, भाडं कशाचं, सगळं त्या वासात कळलं.

बाहेर आले तेव्हा म्हातारा ओट्यावर बसून पटक्यानं डोळे पुसत होता. मेलेला बैल त्यानं वासरापासून वाढवलेला.

"काय निघालं?"

"काही नाही बुवा," मी म्हणाले. "सरकी थोडी कुबट झाली, बस. बुळकांडीच असन. तोंडात फोड नाई आले तरी असते कधी कधी."

"मंग हेच चारू का बाकीच्याईले? दोन पोते पडले हायेत."

इथं मला एकच शब्द बोलायचा होता. नको म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण नको म्हटलं की तो काहून म्हणून विचारणार, आणि मग सगळंच बाहेर येणार, असं माझ्या मनात आलं.

"चारा," मी म्हणाले.

त्यानं मला आशीर्वाद दिला आणि तो गेला.

त्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आणखी नऊ बैल पडले. मोर्णेच्या वाळवंटात चौदा बैल पाय ताठ करून पडलेले, पोटं फुगलेली, गिधाडं उतरलेली. एका बंडीवाल्यानं जोडीतले दोन्ही गेले म्हणून स्वतःच्या बंडीवर कुऱ्हाड चालवली, चाकापासून जुवापर्यंत तुकडे केले, आणि अडवायला आलेल्या भावाच्या हातावरही घाव घातला. तो भाऊ आमच्याच ओट्यावर आला. त्याचा हात बांधत असताना मी ही सगळी हकीकत ऐकली. बांधून झाल्यावर त्यानं विचारलं किती झाले, आणि मी त्याच्याकडून पैसे घेतले. नाही म्हणायचं सुद्धा सुचलं नाही.

म्हातारा उरलेली सरकी घेऊन बाजारातल्या एका हकिमाकडं गेला. हकिमानंही निखाऱ्यावरच टाकली. आणि सांगितलं की हा सोमल आहे, आणि एवढा सोमल अकोल्यात एकाच दुकानी मिळतो.

दुपारची वेळ होती. आम्ही जेवायला बसणार होतो. आधी गलका ऐकू आला, मग आमच्या ओट्यावर पहिली उभारी आदळली. उभारी म्हणजे बंडीच्या बाजूला ठोकलेला जाड खुंट. तीस-चाळीस माणसं असतील. समोरच्या बरण्यांची रांग एका फटक्यात खाली आली. हिंग, कात, मिरी, गेरू, सगळं एकात एक झालं. कुणी खण ओढून रस्त्यावर फेकले, कुणी तराजू वाकवला. एकानं माझे केस धरून मला गादीवरून खाली ओढलं, माझं तोंड उंबऱ्यावर आपटलं, समोरचा दात तुटला. बिब्याच्या तेलाचं मडकं वर टांगलेलं होतं, ते फुटलं आणि तेल चार-सहा जणांच्या डोक्यावरून, हातांवरून ओघळलं. बिब्याचं तेल अंगावर पडलं की कातडी भाजल्यासारखी फुगते, पण लगेच नाही, दुसऱ्या दिवशी. तेव्हा त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"विकला का नाही सोमल? सांग! सांग नं वं!" म्हातारा ओरडत होता. "माह्या तोंडावर खोटं बोलली! चारा म्हने! नऊ बैल तुह्या शब्दानं मेले, रांडे!"

नवरा मागच्या खोलीतून धावत आला. हातात खलाचा बत्ता होता. त्यानं माझे केस धरलेल्या माणसाच्या कोपरावर बत्ता हाणला, हाड मोडल्याचा आवाज आला. मग तो माझ्यापुढं उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "काय झालं? कायचा सोमल?"

"विचार तुह्या बायकोले!"

त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. एकदाच. माझ्या तोंडात रक्त होतं, तरी त्याला कळलं. त्यानं बत्ता खाली टाकला.

"म्या विकला," तो म्हणाला. "तिले काई माहीत नाही. म्याच विकला. मले मारा."

म्हाताऱ्याच्या हातात उभारी होती. त्यानं ती दोन्ही हातांनी वर नेली आणि नवऱ्याच्या डोक्यावर घातली. पिकलेलं कवठ फुटावं तसा आवाज झाला. नवरा गुडघ्यावर बसला, मग हिंगाच्या ढिगात आडवा झाला. त्याच्या कानातून रक्त येऊ लागलं.

मी किंचाळले, "यानं नाही, मी विकला! अडत्याच्या मुनीमाले विकला! अर्धा शेर! भाडं सोडतो म्हने म्हणून विकला!"

सगळे एकदम थांबले. म्हाताऱ्यानं उभारीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता मला मारणार. तो वळला आणि बाहेर पडला, त्याच्यामागं सगळे कापूसबाजाराकडं पळाले.

बाजारात काय झालं ते मी नंतर ऐकलं. मुनीम कोठाराच्या दाराशी सापडला. त्यांनी त्याला खाली पाडलं, बैल हाकायच्या पराणीचा दांडा दातांत घालून तोंड उघडलं, आणि उरलेली सरकी मुठीमुठीनं त्याच्या घशात कोंबली. गिळेना तेव्हा वरून पाणी ओतलं. पुढचे दात सगळे मोडले. अडत्या माडीवर दार लावून बसला होता, तो मिळाला नाही, म्हणून कापसाच्या गंजीला आग लावली. कापूस भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. तीन दिवस त्याचा धूर गावावर होता. पोलीस आणि साहेब आले ते त्या धुरामुळं. बैलांसाठी कुणी आलं नव्हतं.

मी नवऱ्याला मागच्या खोलीत ओढत नेलं. डोकं धुतलं. कवटी एका जागी आत गेलेली बोटाला लागत होती. हळद भरली, पट्टी बांधली, तोंडात मधाचं बोट फिरवलं. तो डोळे उघडे ठेवून पडला होता, पण पाहत नव्हता. मला औषधांची एवढी माहिती, मी बरण्यांमागून बरण्या आठवत होते, आणि त्यातलं एकही फुटलेल्या डोक्याचं औषध नव्हतं. अर्ध्या बरण्या रस्त्यावर होत्या, पण असत्या तरी उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बंडी थांबली. मुनिमाची म्हातारी आई मुनिमाला घेऊन आली होती. हकिमानं हात लावायला नकार दिला होता, बंडीवाल्यांच्या भीतीनं. मुनिमाचं तोंड सुजून काळं झालेलं, पोटात गोळे येत होते, तो धनुष्यासारखा वाकायचा आणि ओकायचा. घशात कोंबलेलं बरंचसं त्याच वेळी उलटून पडलं होतं, म्हणूनच तो रात्र काढू शकला.

"बाई, तुमच्याच दुकानचं जहर हाये," म्हातारी म्हणाली. "त्याचा उतारा बी तुमालेच माहीत असन."

मी म्हणाले, "तुह्या लेकानं माह्या घरात काय केलं ते आत जाऊन पाहून ये."

ती आत गेली. बाहेर आली ती बंडीच्या चाकाशी बसून डोकं चाकावर आपटू लागली. एकदा, दोनदा, कपाळ फुटलं तरी थांबेना. मी तिचे खांदे धरून तिला मागं ओढलं.

खरं सांगायचं तर मला दया आली नव्हती. मला त्याचं ओकणं पाहून बरं वाटत होतं, आणि आणखी थोडं वाकू दे असं मनात येत होतं. पण सोमल माझा होता. रस्त्यावरच्या ढिगातून मी गेळफळं शोधली, ती कुटून कोमट पाण्यात त्याला पाजली, पुन्हा ओकवलं, मग पाव शेर तूप दुधात घालून थोडं थोडं पोटात घातलं. पाजताना मी त्याचं सुजलेलं तोंड इतकं जोरात दाबून धरलं होतं की तो ओरडत होता. दुपारपर्यंत हे चाललं होतं. तो जगला. संध्याकाळी म्हातारी त्याला घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा गेला. शुद्धीवर आलाच नाही.

पोलिसांना बंडीवाले ओळखायला काही कष्ट पडले नाहीत. फौजदार नदीकाठच्या मुक्कामावर गेला आणि ज्यांच्या अंगावर बिब्याचे फोड आलेले होते तेवढ्यांना दोरखंड लावून घेऊन आला. म्हाताऱ्याचं तर अर्धं तोंड सुजून डोळा झाकला होता. कचेरीत मला उभं केलं. साहेबानं कारकुनाकडून विचारलं, नवऱ्याला कुणी मारलं?

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. मी बोट दाखवलं. "यानं."

"आणखी काही सांगायचं आहे?"

"सोमल मी विकला. अडत्याच्या मुनीमाले. तो बैलांना घातला. म्हाताऱ्यानं विचारायला आणला तेव्हा मी ओळखला आणि खोटं बोलले. नऊ बैल माझ्यामुळं मेले."

कारकुनानं साहेबाला काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण लिहिलं काहीच नाही. सोमल विकणं तेव्हा गुन्हा नव्हता, खोटं बोलणंही नव्हता. मुनीम आला, दात नसल्यामुळं बोबडं बोलत होता. त्यानं सांगितलं, उंदरांसाठी घेतला, कोठारात ठेवला होता, कुणी चोरला माहीत नाही. बोलताना तो माझ्याकडं पाहत होता. मी वाचवलेला माणूस होता तो. मी कचेरीतच त्याच्या अंगावर धावले आणि शिपायांनी मला हात पिरगाळून बाहेर काढलं. अडत्याला कुणी बोलावलंच नाही. पुढं म्हाताऱ्याला काळं पाणी झालं, बाकीच्यांना तुरुंग. बंडीवाल्यांची एकी मोडली, ज्यांचे बैल उरले होते त्यांनी अडते देतील त्या भाड्यानं बोजे उचलले.

नवऱ्याचा तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी अडत्याचे चार हमाल आले. जुन्या दराचं भाडं वगैरे कुणी बोललंच नाही. उरलेल्या बरण्या त्यांनी रस्त्यावर भिरकावल्या. बापाचा खल उचलू लागला त्याच्या मनगटाला मी चावले, मांस तोंडात येईपर्यंत चावले, तेव्हा त्यानं खल सोडला. त्यांनी मला लाथा घातल्या. मी खल पोटाशी धरून रस्त्यात पडले होते, आणि ज्यांच्या जखमा मी वर्षानुवर्षं बांधल्या ते लोक उभे राहून बघत होते.

एक खल, दोन पोती, आणि अंगावरचे दागिने एवढं घेऊन मी अमरावतीला आले. दागिने विकले आणि बाजाराच्या तोंडाशी जमिनीवर गोणपाट टाकून बसले. सोमल ठेवायचा नाही, अफू ठेवायची नाही, एवढं ठरवलं. त्याशिवाय औषधाचं दुकान चालत नाही असं मला चार जणांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. पहिली दोन वर्षं मी एकवेळ जेवून काढली. ओवा, सुंठ, बाळंतकाढा, हिरडा आणि जखमेचं मलम. पुड्या लहान बांधायच्या, कुणाला दमडीची हवी तर दमडीची द्यायची. मोठे दुकानदार दमडीच्या गिऱ्हाइकाला हाकलून देत, ते माझ्याकडं येत. तेवढ्यावर दुकान उभं राहिलं, आणि पाचव्या वर्षी डोक्यावर पत्रे आले.

मधल्या काळात कापसाचा भाव पडला. सातासमुद्रापलीकडची लढाई संपली, तिकडचा कापूस पुन्हा निघू लागला म्हणे. ज्यांनी चढ्या भावात घेऊन ठेवला होता ते अडते बसले. त्या महिन्यात तीन चांगल्या कपड्यांतली माणसं माझ्याकडं सोमल मागायला आली. एक जण तर पाया पडला. मी नाही म्हटलं, तेव्हा त्यानं माझ्या थोबाडीत मारली आणि तो रडत निघून गेला. अकोल्याचा आमचा अडत्या त्यात बुडाला की तरला मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

एके दिवशी बाजारात एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काळी, उंच, साठीच्या पुढची, कपाळावर कुंकू. मी ओळखलं नाही.

"वळखलं नाही? तुह्यामुळं माहा मानूस काळ्या पान्यावर गेला."

म्हाताऱ्या बंडीवाल्याची बायको होती ती. मी उठून उभी राहते तोच तिनं माझ्या मुस्काटात मारली. गोणपाटावरच्या पुड्यांवर मी पडले. लोक गोळा झाले. मी उठले आणि मीही तिला मारली, तितकीच जोरात. "माहा मानूस तुह्या मानसानं मारला," मी म्हणाले. "डोळ्यासमोर मारला."

"तुह्या सोमलानं माहे बैल मेले."

"मेले," मी म्हणाले. "म्या सांगतलं कचेरीत. कोनं लिहून घेतलं नाही."

तिनं पुन्हा हात उगारला, मीही उगारला. असे आम्ही दोघी हात वर करून उभ्या राहिलो, धापा टाकत. आजूबाजूची माणसं हसू लागली. तेव्हा ती त्यांच्यावर उलटली, दगड उचलून एकाच्या पाठीत हाणला आणि अशा शिव्या घातल्या की बाजार रिकामा झाला. मग ती गोणपाटाच्या कडेला खाली बसली. तिचे गुडघे सुजलेले होते. ती आता लेकीकडं बडनेऱ्याला राहायची, ठेसनावर माल निवडायला जायची, तिथं उभं राहून राहून पाय गेले होते.

"दुखते," ती म्हणाली. "काय लावू सांग."

मी तिला निर्गुडीचं तेल दिलं. कसं चोळायचं ते सांगितलं. तिनं कनवटीचे पैसे काढून माझ्यापुढं टाकले, मी मोजून घेतले. पुढं ती मरेपर्यंत, आठ-दहा वर्षं, महिन्या-दोन महिन्यांनी यायची. येताना एक शिवी द्यायची, जाताना एक द्यायची. तिला मी कधी दमडी सोडली नाही, आणि तिनंही कधी मागितली नाही. म्हाताऱ्याची खबर काळ्या पाण्याहून आली का, हे मी एकदाच विचारलं. नाही आली, ती म्हणाली, आणि तेल घट्ट बुचाचं दे, मागच्या खेपेले वाटेत सांडलं, म्हणून माझ्यावर ओरडली.